गरिबाचे मांजर

ज्याच्या घरी दोन वेळची चूल कशीबशी पेटते, त्याने मांजर पाळावे काय? हा प्रश्न आपण केवळ गरिबालाच विचारतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार मानवी दुःखनिवारणासाठी प्रथम खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर उधळणे अनुचित होय. परंतु स्वतःच्या घासातला घास देणारा कोणाचा वाटा हिरावतो? नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या दृष्टांतातील दरिद्री मनुष्य आपल्या एकुलत्या मेंढीला स्वतःच्या अन्नातले भरवी. दोषी ठरला तो श्रीमंत. मात्र प्रेमालाही हिशेब असतो. मांजर सहा महिन्यांच्या आतही गाभण राहते व सुमारे नऊ आठवड्यांत विते. म्हणून पोसवतील तितकीच ठेवावीत; लेकरांच्या दुधाला हात लागू नये. आणि नसबंदीचा खर्च? तो सधन शेजाऱ्याने उचलावा. उपदेशापेक्षा ते अधिक ख्रिस्ती ठरेल.