कप कुणी विसळायचा?

शहरातल्या माणसाला वाटतं, सेल्फ सर्व्हिस ही अमेरिकेची वस्तू. मित्रांनो, आपल्या गावात ती कधीच येऊन बसली होती. फक्त ती आपल्यापुरती होती. हॉटेलाबाहेर भिंतीत कोनाडा, कोनाड्यात कान तुटलेला कप. माणसानं जायचं, कप काढायचा, धूळ विसळून टाकायची, दोन्ही हातांनी पुढं धरायचा. मालक वरून चहा ओतणार, टीचभर अंतर राखून. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, उकिडवं बसून प्यायचं, कप पुन्हा विसळून कोनाड्यात. माझ्या आज्यानं हे केलं. बापानंही केलं, नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झालेला होता, १९७६ साली त्याचं नागरी हक्क संरक्षण कायदा असं नामकरण झालं, शिक्षा वाढली. कोनाडा जागेवरच. बाप हे सांगतो तेव्हा हसत सांगतो, "आपला कप राखीव व्हता की रं." मला हसू येत नाही.

हे आज काढायचं कारण आहे. मी लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. आठवडाभर तुरीची धूळ खायची आणि रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसायचं, हा माझा नेम. अभ्यासिकेची पुढची खोली रिकामी आहे. पोरांनी ठरवलं, तिथं चहा-कॉफी ठेवू. गिऱ्हाइकानं आपल्या हातानं घ्यावी, डब्यात पैसे टाकावेत. भिंतीवर वस्तीतल्या पोरापोरींची चित्रं लावावीत, महिन्याला बदलावीत. कल्पना झकास. पण कप कुणी विसळायचा यावर बैठक तीन रविवार अडून बसली आहे. एक गट म्हणतो, बापजाद्यांनी जन्मभर कप विसळले, आता आम्ही विसळणार नाही. टेबलावर कप आला पाहिजे, आणणाऱ्यानं अदबीनं ठेवला पाहिजे. माणूस ठेवा. दुसरा गट म्हणतो, माणसानं माणसाची चाकरी करायचीच कशाला? ज्याचं त्यानं करावं, विषय संपला.

विषय संपत नाही. ज्याचं त्यानं करावं, हाच तर गावचा नियम होता.

चित्रं आणि कॉफी एका छताखाली, हे महाराष्ट्रात नवं नाही. मुंबईला काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. तिच्याच आत १९६४ साली उषा खन्ना यांनी 'समोवार' नावाचं उपाहारगृह काढलं. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा. चित्रकार, लेखक, नाटक-सिनेमावाले तिथं एका चहावर तास तास बसायचे. आणून द्यायला वेटर होते. २०१५ च्या मार्चअखेर ते बंद झालं तेव्हा इंग्रजी पेपरांनी पानं भरभरून हळहळ केली. मी ते बघितलं नाही. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो की एक चक्कर त्या गॅलरीकडं मारतो. आत जायला तिकीट नाही. तरी आपला माणूस दारात थबकतो. आत जाऊन आलेला एक म्हातारा मला म्हणाला, "चपला काढाव्या लागत्यात का बाबा?" काचेच्या दाराला कडी नव्हती, कडी त्याच्या डोक्यात कुणी घातली हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि त्या गॅलरीच्या समोर, रस्त्यापलीकडं, एल्फिन्स्टन कॉलेज आहे. बाबासाहेब १९१२ पर्यंत तिथं शिकत होते. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलंय की कॉलेजातला ब्राह्मण हॉटेलवाला त्यांना चहा तर सोडाच, पाणीसुद्धा देत नसे. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी आणि कपभर चहाला महाग. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात. समोवारच्या टेबलांवरच्या गप्पांत ही गोष्ट किती वेळा निघाली असेल, असं तिथं उभं राहिलं की मनात येतं.

आपल्या मराठवाड्यातली गोष्ट तर याहून बोलकी. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. म्हणजे कला बघायलाच ना? वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ अंगावर, दाराशी हौद भरलेला, मंडळींनी हातपाय धुतले. पाणी बाटवलं म्हणून एक म्हातारा ओरडत आला, जमाव जमला, हमरीतुमरी झाली. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो या अटीवर, की आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ते बघायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर. बघा, पण पाण्याला शिवू नका. डोळ्यांना परवानगी, हाताला बंदी. चित्रांचं दालन आणि चहाचा कप हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही हकिगत पुन्हा वाचावी.

लातूरला क्लासेसच्या भागात कॉफीचं एक दुकान आहे. नाव सांगत नाही, नावानं काही बिघडत नाही. भिंतीवर चित्रं, खाली किमतीच्या चिठ्ठ्या. काउंटरवर जायचं, पैसे भरायचे, ट्रे घ्यायचा, आपण आपलं टेबल गाठायचं. मी पगाराच्या दिवशी गेलो. कॉफी दीडशेला, माझी हजेरी पाचशे, हिशोब तुम्हीच करा. जात कुणी विचारली नाही. माझ्या हातातला मग आणि शेजारच्या डॉक्टर होऊ घातलेल्या पोराच्या हातातला मग एकाच भट्टीतला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझ्या बापाला हे मिळालं नाही.

भिंतीवर काय होतं? वाडा. बैलगाडी. पाणवठ्यावरून घागरी घेऊन निघालेल्या बाया, कमनीय, रंगीत. कुठला पाणवठा, वरचा की खालचा, ते चित्रकारानं काढलं नव्हतं.

कॉफी संपली. रिकामे मग ठेवायला मागं एक खिडकी. मी ट्रे तिथं सरकवला तर पलीकडं आमच्याच गल्लीतली मावशी. कोपरापर्यंत फेस.

"तू रं? हितं कसा काय?"

"आलो मावशी, कॉफी प्यायला. तू केव्हापासून हितं?"

"दोन सालं झाली. ठिव की तिथं, मी हाय नं."

तिच्यामागं भिंतीला खिळा होता, त्याला पिशवी अडकवलेली, पिशवीत घरून आणलेला स्टीलचा पेला. तिचा चहा त्यात. दिवसाला तीनशे मग ती धुते, त्यातल्या एकातूनही ती पीत नाही. कुणी मना केलेलं नाही म्हणते. कुणी पी असंही म्हणालेलं नाही. कोनाडा दुकानाच्या पुढून मागं गेला, आणि पुढं पाटी लागली सेल्फ सर्व्हिस.

हे फक्त लातूरचं नाही. फिलाडेल्फियाला १९०२ साली हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीनं ऑटोमॅट नावाचं खाणावळीचं दुकान काढलं, दहा वर्षांनी न्यूयॉर्कला. भिंतभर काचेच्या लहान खिडक्या. नाणं टाका, मूठ फिरवा, खिडकी उघडा, खाणं उचला. वाढपी नाही, बक्षिसी नाही. श्रीमंत-गरीब एका टेबलाला बसत म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते खरंही होतं. पण खिडकी रिकामी झाली की भिंतीच्या पलीकडून हात येऊन ती भरत. गिऱ्हाइकाला हात दिसत नसत. तिथलं शेवटचं ऑटोमॅट १९९१ साली बंद झालं. ती भिंत मात्र जगभर पसरली आहे.

तेव्हा दुसऱ्या गटाला माझं म्हणणं: सेल्फ सर्व्हिस म्हणून चाकरी संपत नाही. ती दिसेनाशी होते.

पहिल्या गटाचं दुखणं मला जवळचं वाटतं. १ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले. एका काउंटरवर वस्तू घेतल्या, पैसे बिनतक्रार घेतले गेले. मग खाण्याच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही. उठा म्हटलं, ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली, मग शेकडो. जुलैअखेर त्या दुकानाला नमावं लागलं. काळ्यांना तिथं उभ्यानं खायची सोय होती बरं का. त्यांना बसून हवी होती, गोऱ्याला मिळते तशी, समोर आणून. ती मागणी रास्त होती. जिथं सगळ्यांना आणून देतात तिथं आपल्यालाच "घ्या आणि जा" म्हणणं हा अपमान. पुढं पँथर या नावानं जी आग आपल्याकडं १९७२ साली आली, तिची ठिणगी त्याच मुलखातली.

आणि वाढण्यात कमीपणा असतोच असंही नाही. इंडियन कॉफी हाउस घ्या. कॉफी बोर्डानं ती बंद करून कामगार काढले, तेव्हा १९५७-५८ साली ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि हॉटेलं स्वतः चालवायला घेतली. तुरेवाला फेटा घालून कप आणणारा तिथला माणूस संस्थेचा सभासद, म्हणजे मालकांपैकीच एक. तो कप ठेवतो तेव्हा वाकत नाही. पण आमच्या पोरांना नोकर ठेवायचा आहे तो असा नाही. त्यांना मावशीच ठेवायची आहे, महिना चार हजारात. फक्त ती आता आपल्यासाठी विसळणार. मी बैठकीत हे बोललो तर दोघं उठून गेले.

माझी सूचना वेगळी आहे आणि ती कुणालाच आवडलेली नाही. गावात आपला कप आपणच का विसळायचो? आपल्या तोंडचा कप दुसरं कुणी शिवणार नव्हतं म्हणून. रोग तिथं आहे. मग औषधही तिथंच लावा. आपल्या दुकानात कुणी आपला कप विसळायचा नाही. आधीच्यानं पिऊन ठेवलेला कप विसळायचा, त्यातच आपली कॉफी घ्यायची, आणि आपला उष्टा कप पुढच्यासाठी सोडायचा. मोरी मागं नको, दाराशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

एकजण म्हणाला, "क्लासचं पाटलाचं पोरगं येईल, ते तुझा कप विसळंल व्हय?" नाही विसळणार कदाचित. गिऱ्हाईक जाईल. कळेल तरी. पण माझी भीती त्याची नाही. आमच्या वस्तीच्या कडेला मातंगांची आठ घरं आहेत, पलीकडं महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची चाळ. तिथला माणूस नाला उपसून आला, कॉफी प्याला, कप ठेवून गेला. मागं माझा नंबर. मी आणि तुम्ही, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले, तो कप हातात घेताना एक सेकंद थांबणार की नाही? बाईनं ठेवलेला कप पुरुष विसळणार की नाही, की तिथं पुन्हा बहीण पुढं होणार?

भिंतीवरूनही वाद आहे. नववीतल्या एका पोरीनं पोचिराम कांबळे यांचं चित्र काढलंय, १९७८ साली नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ज्यांना मारलं ते. शहिदाच्या फोटोखाली लोक खारी खात बसणार का, असं काहींचं म्हणणं. बसू देत. चहाच्या वाफेनं चित्र खराब होईल एवढीच अडचण मला दिसते, त्याला काच लावता येते. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात गाडगं अडकवलेला अस्पृश्य पुन्हा पुन्हा रंगवला. तो मोठ्या गॅलऱ्यांत लागला. त्या गाडग्यासमोर हातात कप धरून उभं राहिलं की कपाचं वजन कळतं. म्हणून ते चित्रही मला भिंतीवर हवं आहे, निदान छापील. पाणवठ्यावरच्या कमनीय बाया नकोत.

पुढच्या रविवारी मत घ्यायचं ठरलंय. दोन डझन कप आणून ठेवलेत, सगळे पांढरे, सगळे सारखे. मोरी दाराशी आणायची तर पाइप फिरवावा लागेल, प्लंबर अडीच हजार मागतो. मावशीला बैठकीला बोलावलंय. सुट्टी मिळाली तर येते म्हणाली.