स्वयंपाक कोणी शिकावा?

"पुरुषांना स्वयंपाक जमत नाही," हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे बोलले जाते की, त्याचा खरेखोटेपणा कोणी तपासत नाही. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांनी मात्र ते केव्हाच खोटे पाडले आहे. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत कामे निघाली आणि रत्नागिरी, रायगडकडचे तरुण कुवेत, दुबई, सौदीला गेले. तिथे एकेका खोलीत अनेक जण राहात. रोजचे बाहेरचे खाणे परवडत नसे, म्हणून स्वयंपाकाच्या पाळ्या लागल्या. गावी ज्याने पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो तिथे कांदा परतायला, डाळीला फोडणी द्यायला, मच्छीचे सालन करायला शिकला. सुट्टीवर घरी आला की, तोच माणूस दस्तरखानावर बसून मिठासाठी हाक मारू लागला! हात तेच होते. उंबरठा तेवढा बदलला होता. तेव्हा जमण्या-न जमण्याचा हा प्रश्न नव्हेच. घरात कोणाचे कष्ट गृहीत धरायचे, हा तो प्रश्न आहे.

पाककृती आता कुठेही मिळतात. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्येच वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्यांची मोठी सोय केली. आपल्या घरचे पदार्थ मात्र अजून बरेचसे अंदाजावरच चालतात. तांदळाच्या भाकरीला आधण किती, हे पिठावर ठरते. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि हात पोळतात. सालनात नारळाचे दूध घातले की आच मंद करावी लागते, नाहीतर ते फुटते. हे शिकायला अम्मीच्या शेजारी उभे राहावे लागते. शेजारी उभ्या राहिलेल्या मुलाला आणखीही काही कळते. मे महिन्यात चुलीपाशी दीड तास काढणे म्हणजे काय, आणि सर्वांना गरम भाकरी वाढणारीच्या वाट्याला गार भाकरीच का येते, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

काही जण धर्माचा आधार घेतात. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे अनुयायी आहेत, त्याच्या जुन्या फिकहग्रंथांनी स्वयंपाक हे पत्नीचे बंधनकारक कर्तव्य मानलेले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे 'सहीह बुखारी'त नोंदले आहे. मग आपण पाळतो तो धर्म की रिवाज?

पुरुष बाहेर राबतो, हा आक्षेप खोटा नाही. पण बाहेरच्या कामाला सुट्टी असते, निवृत्तीही असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७. नोकरी करणाऱ्या सुनेचीही चूल सुटलेली नाही. दुसरीकडे, मुलाला चुलीपाशी येऊ न देणारी अनेकदा आईच असते. जिला घरात दुसरा कुठलाच अधिकार मिळाला नाही, ती स्वयंपाकघराचा अधिकार सहजासहजी कसा सोडील? तिला दोष देण्याआधी इतर निर्णयांत तिला वाटा द्यावा लागेल.

रमजानमध्ये सहरीसाठी घरात सर्वांत आधी उठते तीच, आणि मगरिबची अजान होते तेव्हा हातात खजूर घेण्याआधी कढईखालची आच बंद करते तीच. रोजा तिचाही असतो. परदेशातल्या खोलीत पाळी लावता येते, तर ती घरातही लावता येईल.