नाणं, हात आणि डबी

शिवाजी महाराजांची शिवराई धड गोल नसते. पाडली तेव्हाही नव्हती. तांब्याच्या तुकड्यावर हातोड्याने ठसा उमटवायचा. तो मधोमध बसला तर ठीक, नाहीतर ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर काठाबाहेर राहायचं. आज नाणी ठेवायला बाजारात मिळणारी कॅप्सूल मात्र यंत्रावर पाडलेल्या नाण्याच्या मापाची, मिलिमीटरच्या हिशेबात बेतलेली. शिवराई तिच्यात एकतर शिरतच नाही, नाहीतर खुळखुळते. आणि खुळखुळणाऱ्या नाण्याची कड घासत राहते. म्हणून जाणकार अशी नाणी पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये, मायलर प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवतात. दिसायला साधं, पण नाण्याच्या अंगाला बसणारं.

नाण्यांची नासाडी बहुतेक वेळा कौतुकापोटी होते. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी जशी चिंच-मीठ लावून लख्ख करतात, तशीच घरात सापडलेली जुनी नाणीही घासली जातात. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं आणि कोकणातल्यासारख्या दमट हवेत फिकट हिरवी भुकटी होऊन बाहेर येतं. एकदा ही कीड लागली की ती आतून पोखरत जाते. तांब्यावरचा स्थिर तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं कातडंच आहे. तेच आपण सोलून काढतो. स्वस्त, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचंही तसंच. त्यांतून कालांतराने सुटणारी द्रव्यं नाण्याला चिकट हिरवा लेप देतात. चांदीला गंधकाचं वावडं, म्हणून रबरबँडही दूरच बरा. नाणं धरायचं ते दोन बोटांनी, कडेला, खाली मऊ कापड पसरून. आणि त्याच्यावर वाकून गप्पा मारायच्या नाहीत, कारण थुंकीचे शिंतोडेही डाग पाडतात. मराठी माणसाला हा शेवटचा नियम सर्वात जड जात असावा.

एवढी काळजी घेताना एक विसंगती मात्र खुपते. नाणं जन्मलं ते हाताळण्यासाठीच. पेशवाईतला, अंकुशाचं चिन्ह असलेला अंकुशी रुपया पुढ्यात आला की सराफ तो वाजवून बघायचा, तोलायचा, शंका असेल तर त्यावर बारीक ठोका मारायचा. झिजलेल्या नाण्यावर बट्टा कापायचा. रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं असलं, तरी बाजारात तो चालायचा सराफाच्या कानावर आणि तराजूवर. त्या ठोक्यांच्या खुणा म्हणजे अनेक परक्या माणसांनी दिलेली साक्ष होती. आजचा संग्राहक मात्र त्याच खुणांना खोट मानतो आणि नाण्याची किंमत उतरवतो.

परदेशी कंपन्या नाणं तपासून त्याला 70 पैकी गुण देतात आणि कायमचं प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डनने 1949 साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी आखली. ती आता जगभर लावली जाते. कवच बंद झालं की नाणं वाजवता येत नाही, एकटं तोलता येत नाही, कडही नीट तपासता येत नाही. विश्वास ठेवायचा तो लेबलावर. आणि लेबलंही बनावट निघतात. म्हणजे ज्या धातूने स्वतःची खातरी स्वतःच्या आवाजाने पटवावी, त्याच्यासाठी आता छापील कागद जामीन राहतो. यातून व्यवहार सोपा होतो, हे खरं. पण नाणं ओळखायचा हात आणि कान तयार होत नाहीत, आणि नवख्याने ते कधी कमवावेत हेही कोणी सांगत नाही.

हात न लागलेल्या नाण्याला जास्त भाव मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतिहास वाचायला मला झिजलेला अंकुशी रुपया जास्त उपयोगाचा वाटतो, ठोक्यांसकट. त्याची झीज आता थांबायला हवी, हेही तितकंच खरं. त्याला मी डबी देईन, पण त्याच्या अंगाला बसणारी आणि उघडता येणारी. तिच्यात चिठ्ठी ठेवीन: वजन किती, कुठून मिळाला, कधी धुतला असेल तर कशाने. पुढच्या माणसाला शंका आली तर त्याला रुपया बाहेर काढून तोलता आला पाहिजे.