स्नायूचे गणित आणि कुत्र्याचे विव्हळणे

आपण हात दुमडला की दंडाचा स्नायू फुगलेला दिसतो. मेंदूकडून एक सूक्ष्म द्रव्य मज्जातंतूंच्या पोकळीतून वाहत येते, स्नायू पखालीसारखा फुगवते आणि त्यामुळे हाड खेचले जाते, असे सतराव्या शतकात देकार्तसारखा थोर तत्त्वचिंतकही मानीत असे. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६६७ साली ही समजूत भूमितीच्या आधारे खोडून काढली. स्नायू हा तिरप्या, समांतर तंतूंचा संच आहे. तंतू आखूड होतात म्हणून स्नायू जाड दिसतो. त्याचे घनफळ वाढत नाही, बाहेरून काही भरावे लागत नाही. हृदय हाही एक स्नायूच, हे त्याने त्याआधीच दाखविले होते. स्नायूतील अतिसूक्ष्म तंतू एकमेकांवरून सरकतात, हे कळायला पुढे १९५४ साल उजाडले.

म्हणजे माणसाचे चालणे आणि घोड्याचे धावणे एकाच गणिताने उलगडते. पण इथेच प्रश्न उभा राहतो. प्राण्याची प्रत्येक हालचाल गणितात बसत असेल, तर त्याचे विव्हळणे म्हणजे केवळ कुरकुरणारे चाक काय? देकार्तच्या अनेक अनुयायांचे उत्तर ‘होय’ असे होते. सेमिनरीत हा सिद्धान्त आम्ही चार ओळींत पाठ केला आणि परीक्षेत उतरविला. कुत्र्याची आठवण वर्गात कोणालाच झाली नाही.

स्टेनोला मात्र ती होती. तो स्वतः जिवंत कुत्र्यांवर प्रयोग करीत असे. त्यांना इतका वेळ यातना देताना आपल्याला घृणा वाटते, असे त्याने आपल्या गुरूंना पत्राने कळविले. प्राण्यांना आत्मा नाही याविषयी देकार्तपंथीयांना जितकी खात्री आहे, तितकी त्यांनी आपल्याला पटवून दिली तर बरे होईल, असेही त्याने लिहिले. देहाचे यंत्र त्याच्याइतके बारकाईने उकललेले लोक त्या काळी थोडेच होते. नेमक्या त्यालाच ‘केवळ यंत्र’ हे शब्द गिळवेनात. तरफ आणि तंतू हालचाल कशी घडते ते सांगतात. दुखते कोणाला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतला नाही. उत्तर मिळाले नाही म्हणून तो प्रश्नच नाही, असे म्हणणे मला सोयीचे वाटते, खरे वाटत नाही.

पुढे स्टेनो कॅथलिक झाला, १६७७ साली बिशप झाला आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. परंतु त्या पत्रानंतर त्याने शस्त्र खाली ठेवले नव्हते. घृणा वाटत असतानाही तो चिरीत राहिला. त्या ज्ञानाचा लाभ आपण सारे घेत आलो आहोत, म्हणून त्याच्याविषयी निवाडा देताना माझी जीभ अडखळते.