दोन लाखांचं पिस्तूल आणि ५२० चा नेमबाज

हौसेला मोल नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पण हौसेच्या वस्तूला मोल असतं आणि ते दुकानदार अगदी नीट सांगतो. दहा मीटर एअर पिस्तूल या खेळात ते साधारण दीड ते अडीच लाख रुपये आहे. स्टेयर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये जी नावं दिसतात, तीच पिस्तुलं नाशिकमधला एखादा नोकरदार माणूसही विकत घेऊ शकतो. बॅट्समनला विराटची बॅट मिळाली म्हणून काही होत नाही हे सगळ्यांना कळतं. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र शंका राहते. कारण इथे चेंडू नाही, गोलंदाज नाही, खेळपट्टी नाही. तुम्ही, एक यंत्र आणि दहा मीटरवरचा कागद. मग यंत्र चांगलं असेल तर गुण वाढायलाच हवेत ना?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवड्यातून तीन दिवस रेंजवर जातो. ६० शॉटच्या मॅचमध्ये ६०० पैकी माझे गुण ५२० च्या आसपास फिरतात. राष्ट्रीय पातळीवर पुढे असलेले नेमबाज ५७५–५८० च्या पुढे बोलतात. वय, नोकरी आणि कंबर पाहता मी तिथे जाणार नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. म्हणून प्रश्न असा आहे: जो कधीच जिंकणार नाही, त्यानं सर्वोत्तम हत्यार घ्यावं का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या देशात हौसेनं पिस्तूल चालवायचं म्हणजे बहुतेक वेळा हवेचं पिस्तूल. काडतुसाच्या पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि केवळ आवड आहे म्हणून तो सहज मिळत नाही. ४.५ मिलिमीटरचा छर्रा उडवणारं, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं हवेचं पिस्तूल मात्र परवान्याच्या बाहेर राहतं. मॅच पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूल असते. त्याचं काम फक्त कागदाला भोक पाडणं. त्यामुळे यात स्वसंरक्षण वगैरे काही नाही. ही शुद्ध हौस आहे, आणि म्हणूनच खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही.

आता गणित. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. पुढे प्रत्येक आठ मिलिमीटरला एक गुण कमी. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर. म्हणजे पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २९ मिलिमीटर सरकतो. थेट सात. दहा हवा असेल तर साइटची चूक ०.२८ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते, एका हातानं, साधारण एक किलो वजन खांद्याच्या उंचीवर धरून.

यात पिस्तुलाचा वाटा किती? चांगलं मॅच पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून पाच छर्रे मारले, तर छर्र्याहून जरासंच मोठं एक छिद्र दिसतं. समजा त्याची चूक एक मिलिमीटर आहे, आणि एखाद्या साध्या पिस्तुलाची चार. माझी स्वतःची चूक, ५२० च्या हिशोबानं, सरासरी १५ मिलिमीटर. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत. त्यांचे वर्ग वाढतात. १५ आणि ४ मिळून १५.५ होतात. १५ आणि १ मिळून १५.०३. म्हणजे लाखभर रुपये जास्त मोजून मी अर्धा मिलिमीटर विकत घेतला. ज्याची स्वतःची चूक पाच मिलिमीटर आहे, त्याच्यासाठी हाच फरक ६.४ आणि ५.१ असा होतो, आणि तिथे पदकं ठरतात. जो जितका चांगला, त्याला चांगल्या पिस्तुलाचा उपयोग तितका जास्त. ज्याला गरज कमी वाटावी त्यालाच गरज जास्त, असा हा उलटा न्याय आहे.

इथे थांबलो असतो तर लेख संपला होता. पण वरच्या गणितात एक गृहीतक आहे. माझी चूक आणि पिस्तुलाची चूक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असं मी धरलं. तसं नसतं. नियमानुसार ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि मॅच पिस्तुलात तो नेमका तेवढाच, काचेसारखा तुटणारा, लावता येतो. स्वस्त स्प्रिंगच्या पिस्तुलात तो दीड-दोन किलोचा आणि खरखरीत असू शकतो. एक किलोचं पिस्तूल एका बोटानं दोन किलोच्या जोरानं मागे ओढायचं आणि नळी हलू द्यायची नाही! मुठीचंही तसंच. लाकडी मूठ हाताच्या मापाची नसेल तर मनगट रोज वेगळ्या कोनात बसतं. म्हणजे वाईट पिस्तूल स्वतः फार चुकत नाही, ते मला चुकायला लावतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते मला काही शिकू देत नाही. आमच्या कामात कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट असतात. कोडमध्ये काहीही न बदलता निकाल बदलतो. अशा टेस्टचा त्रास फेल होण्यात नसतो. फेल झाली की कुणीच मनावर घेत नाही, हा खरा त्रास. बेभरवशाच्या पिस्तुलाचं हेच होतं. सात पडला की मनात पहिला विचार येतो, 'हे पिस्तुलाचं असणार.' खात्रीच्या पिस्तुलानं सात पडला तर तो माझाच असतो. त्यामुळे महाग पिस्तूल गुण देत नाही, ते सबब काढून घेतं. हौशी माणसाला त्याचा खरा फायदा हाच आहे, आणि त्यासाठी ते ऑलिंपिकचंच असावं लागत नाही. खेळण्यातल्या पिस्तुलावरून जुन्या मॅच पिस्तुलावर येणं ही मोठी उडी आहे. जुन्या मॅच पिस्तुलावरून यंदाच्या मॉडेलवर जाणं ही छोटी पायरी आहे, आणि बहुतेक पैसे त्या पायरीवर जातात.

मोठ्या स्पर्धांकडे पाहूनही आपण सोयीचे निष्कर्ष काढतो. पॅरिसमध्ये २०२४ साली तुर्कस्तानचा युसुफ दिकेच खिशात हात घालून, साधा चष्मा लावून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य घेऊन गेला. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवलं. दिकेचचा फोटो तुम्हीही फॉरवर्ड केला असेल: बघा, साधनं लागतच नाहीत! पण त्याच्या हातात मॅच पिस्तूलच होतं, आणि ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. फोटोत न दिसणारी गोष्ट ती सोळा वर्षं. उलट टोकाला टोकियो. २०२१ च्या जुलैमध्ये ऐन पात्रता फेरीत मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला, मिनिटं वाया गेली, ती ५७५ वर थांबली आणि दोन गुणांनी फायनल हुकली. महाग यंत्रही दगा देऊ शकतं. तीच मनू तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन पदकं घेऊन परतली. एका फोटोवरून किंवा एका बिघाडावरून साधनाचं मोल ठरत नाही.

घरी मी पिस्तुलाची किंमत सांगितली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "एवढं घेऊन तू जिंकणार काय आहेस?" बाबा नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. आयुष्यभर पैसा छापला जाताना पाहिलेल्या माणसाचा प्रश्न हलक्यात घेता येत नाही. आणि त्यात एक गृहीत आहे जे आपल्या सगळ्यांच्या मनात असतं: चांगलं साधन लायकीनं मिळवायचं असतं. ५७० मारणाऱ्याला दोन लाखांचं पिस्तूल शोभतं, ५२० वाल्यानं घेतलं तर ती चैन.

या विचाराला आपल्याकडे जोरदार आधारही आहे. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो नेमबाजीत आला, शाळकरी वयात प्रशिक्षणासाठी नाशिकला होता. त्याच्या गोळ्यांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढलं. १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याला कांस्य मिळालं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अशा कर्जापुढे माझी हौस अर्थातच खुजी दिसते.

पण नीट पाहिलं तर कर्ज काढलं तेव्हा पदक नव्हतं. ते खर्चाचं समर्थन म्हणून नंतर आलं. ज्यांच्या मुलांना पदक मिळालं नाही त्या बापांचं कर्ज चुकीचं होतं, असं म्हणायची माझी तयारी नाही. लायकी आधी सिद्ध करा, मग साधन मिळेल, ही अट शिकणाऱ्यावर लावली तर कुणीच शिकणार नाही. एकलव्याची गोष्ट आपण गरीब साधनाची गोष्ट म्हणून सांगतो. पण द्रोणाचार्यांनी त्याचं धनुष्य मागितलं नाही, अंगठा मागितला. विद्या कुठे साठते हे त्यांना ठाऊक होतं. धनुष्य लायकीचं प्रमाणपत्र नसतं, अंगठा तयार करण्याचं साधन असतं. म्हणून प्रश्न 'माझी लायकी आहे का' असा नाही. 'माझा अंगठा यावर तयार होणार आहे का' असा आहे.

त्याचं उत्तर मोजता येतं. आठवड्याला तीन दिवस, रोज ६० छर्रे, वर्षाचे ५० आठवडे. वर्षाला ९,००० शॉट. पाच वर्षं टिकलो तर ४५,०००. दोन लाखांचं पिस्तूल मग शॉटमागे साडेचार रुपयांना पडतं. सहा महिन्यांत कंटाळलो तर ४,५०० शॉट आणि प्रत्येक शॉट ४४ रुपयांचा. तेच पिस्तूल, तीच किंमत. महाग-स्वस्त हे दुकानात ठरत नाही, रेंजवर ठरतं. खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतो, आमच्या ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू लागतं. पूजा मला कामाच्या वस्तूची समजते. कपाटातल्या बंद पेटीची पूजा म्हणजे किमतीची पूजा.

याच हिशोबात एक खर्च मी धरला नव्हता, कारण तो माझ्या खिशातून जात नव्हता. आमच्या क्लबमध्ये दोन चांगली मॅच पिस्तुलं आहेत आणि ती आळीपाळीनं वापरायची असतात. सिन्नरहून बसनं येणारी नववीतली एक मुलगी माझ्यानंतर तेच पिस्तूल घेते. एका शनिवारी ती मागे येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमचं झालं का? माझी बस आहे." राज्य स्पर्धेची तयारी ती करत होती, आणि पिस्तूल माझ्या हातात होतं. मी फी भरली होती, वेळ माझी होती, नियमानं सगळं बरोबर होतं. तरी तेव्हा लक्षात आलं की विकत न घेणं हा फुकटचा साधेपणा नाही. पगारदार माणूस काटकसर म्हणून क्लबचं पिस्तूल अडवून ठेवतो, तेव्हा ती काटकसर दुसऱ्या कुणाच्या तरी सरावातून वजा होते.

मग सरळ क्लबलाच एक पिस्तूल का घेऊन देत नाही? हा प्रश्न मी टाळणार नाही. ते जास्त चांगलं काम आहे. पण मला पिस्तूल माझ्यासाठी हवं आहे. माझ्या हाताची मूठ, माझा ट्रिगर, सकाळी सहाला कुणाची वाट न पाहता. हौसेला दानधर्माचा सदरा घालून बाबांसमोर उभं करणं मला पटत नाही. रांग मोकळी होते हा चांगला परिणाम आहे. कारण मात्र हौस हेच आहे.

आणि साधनावर बोलताना शिकवणारा माणूस विसरू नये. नाशिकमध्ये पिस्तूल नेमबाजी रुजली ती मोनाली गोऱ्हे यांच्यासारख्या प्रशिक्षकांमुळे. त्या भारतीय संघाच्या पिस्तूल प्रशिक्षकांपैकी एक होत्या. मे २०२१ मध्ये, कोविडनंतरच्या आजारात, त्या गेल्या. एखादा चांगला प्रशिक्षक मागे उभा राहून 'खांदा वर जातोय' एवढं सांगतो तेव्हा जितके मिलिमीटर कमी होतात, तितके कुठल्याही नव्या मॉडेलनं होत नाहीत.

तर माझा निर्णय असा. नवं घेणार नाही. वरच्या पातळीवर गेलेले नेमबाज आपली जुनी मॅच पिस्तुलं विकतात, त्यातलं एक निम्म्याच्या आसपास किमतीत ठरवलं आहे. असं घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघावी, कारण युरोपीय कंपन्या त्याला साधारण दहा वर्षांची मुदत देतात. वाचलेल्या पैशांतून वर्षभराचे छर्रे आणि प्रशिक्षकांची फी. आणि एक अट मी स्वतःला घातली आहे: सलग तीन महिने पिस्तूल पेटीतून बाहेर निघालं नाही, तर ते विकायचं नाही, क्लबच्या कपाटात ठेवायचं. पहिल्या महिन्यासाठी ५०० छर्र्यांचे दोन डबे आणले आहेत. आठवड्याला १८० प्रमाणे ते साडेपाच आठवडे पुरायला हवेत. दहाव्या आठवड्यातही उरले, तर पिस्तूल मला महाग पडलं असं समजायचं.