दिवा कोणासाठी?

पुण्यात एकेकाळी रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली, की पोलीस अडवत. 'रस्त्यावर उजेड आहे, मला नीट दिसतंय' हा युक्तिवाद खोटा नसे, पण अपुरा असे. दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो, तसाच आपण इतरांना दिसावं म्हणूनही असतो.

विमानातला ट्रान्सपाँडर हा असाच दिवा. रडारने विचारलं, की तो चार आकडी कोड आणि उंची कळवतो. मोठ्या विमानांतली टक्कर टाळणारी यंत्रणाही याच उत्तरावर चालते. ट्रान्सपाँडर नसलेलं विमान तिच्या लेखी अस्तित्वातच नसतं.

तरीही काही हौशी वैमानिकांना तो नको असतो. विमान जुनं, उपकरण महाग, डोळे शाबूत. शिवाय आकाशात तरी कोणी आपल्यावर नजर ठेवू नये, ही इच्छा. ती मला क्षुद्र वाटत नाही. अमेरिकेत ग्लायडर, बलून आणि इंजिनावर चालणारी वीजव्यवस्था नसलेली विमानं यांना काही सवलत आहेही.

पण ३१ ऑगस्ट १९८६ चा दिवस आठवावा. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर, स्वच्छ हवेत, एक छोटं पायपर विमान चुकून नियंत्रित हद्दीत शिरलं. त्याचा ट्रान्सपाँडर उंची कळवत नव्हता. उतरायला निघालेल्या एरोमेक्सिकोच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. पायपरमध्ये तिघे होते. मोठ्या विमानात ६४. खाली आपापल्या घरी असलेले १५ जणही गेले. 'बघा आणि टाळा' या पद्धतीच्या मर्यादांवर तपासात बोट ठेवलं गेलं. 'धोका माझा, मी बघून घेईन' असं म्हणणाऱ्याने हे ७९ जण मोजलेले नसतात.

सिंगापूरमध्ये तर 'माझं आकाश' म्हणायला जागाच नाही. छोट्या विमानांचं सेलेतार चांगीपासून पंधराएक किलोमीटरवर, आणि पलीकडे लगेच जोहोर. २२ जानेवारी २००८ ला को सामुईहून एक छोटं सेसना मंजूर उड्डाण आराखड्याशिवाय हद्दीत आलं. लढाऊ विमानं धावली आणि चांगी सुमारे ५० मिनिटं बंद राहिलं. इथे एकाच्या बेहिशेबीपणाची किंमत सगळे मोजतात.

मग सगळ्यांनी सगळं दाखवत राहायचं का? इथेच थांबून विचार करायला हवा. करोनाकाळात आपण ट्रेसटुगेदर वापरलं ते संसर्ग शोधण्यासाठी. ती माहिती गुन्हेतपासासाठी पोलिसांनाही मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये कळल्यावर अनेकांना फसल्यासारखं वाटलं. पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला.

जुन्या ट्रान्सपाँडरमध्ये यावर एक शहाणं उत्तर होतं. अमेरिकेत नजरेच्या भरवशावर उडणारी छोटी विमानं १२०० हा एकच सामायिक कोड लावतात. कुठे आणि किती उंचीवर, हे कळतं. कोण, हे त्या कोडवरून कळत नाही. नव्या एडीएस-बी यंत्रणेत बहुधा ओळखही जाते, म्हणून कुरकुर वाढली आहे.

मला वाटतं, दिसण्याचं कर्तव्य आपल्यामुळे ज्याला इजा होऊ शकते त्याच्याप्रती असतं, आणि त्याला वाचायला जेवढं लागतं तेवढंच असतं. त्याहून जास्त मागणाऱ्याला 'कशासाठी?' असं जरूर विचारावं. पण विचारतानाही दिवा लावलेलाच असावा. तो विझवून विचारलेल्या प्रश्नाची किंमत तिसराच कोणीतरी चुकवतो.