छपराखालचे ऊन

शिक्षणखात्याच्या दप्तरात विदर्भाचे ऊन फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा नागपूर-अमरावतीकडील मुलांना आठ-पंधरा दिवसांची अधिक मुभा मिळते, आणि उन्हाळा चढू लागला की वर्ग सकाळपाळीत भरतात. म्हणजे उन्हापुढे वेळापत्रकाने वाकावे ही गोष्ट सरकारदरबारी तत्त्वतः मंजूर आहे. परंतु ज्या इमारतीत ती शाळा भरते, ज्या घरी ते मूल दुपारी परतते आणि ज्या कचेरीत त्याचा बाप कारकुनी करतो, त्या तिन्ही ठिकाणच्या छपरांनीही उन्हाची काही दखल घ्यावी, असा आग्रह मात्र आपल्या व्यवहारात अभावानेच आढळतो. ठाण्याच्या दमट हवेत जो स्लॅब पडतो तोच चंद्रपुरात पडतो. २०२० पासून मुंबईसारखे काही प्रदेश वगळता राज्याच्या फार मोठ्या भागास बांधकामाची एकच एकीकृत नियमावली लागू झाली आहे, आणि कारभाराच्या सोयीच्या दृष्टीने ही एकरूपता कितीही स्तुत्य असली तरी सूर्य तिच्या अंमलाखाली येत नाही.

सूर्याचा येथील व्यवहार पाहण्यासारखा आहे. नागपूर २१ अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहे. उत्तरायणातला सूर्य सरकत सरकत तेथवर पोहोचतो तो मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात; २६ मेच्या सुमारास मध्यान्ही तेथे उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि चंद्रपुरास हाच योग पाच-सहा दिवस आधी येतो. विदर्भातील लोक ज्याला नवतपा म्हणतात, ते रोहिणी नक्षत्रातले नऊ दिवस याच सुमारास सुरू होतात. समुद्र शेकडो मैल दूर, आकाश निरभ्र, जमीन काळी आणि तडकलेली; अशा वेळी पारा ४२-४३ अंशांवर राहणे हे मामुली समजले जाते आणि तो ४७ च्या पुढे गेल्याच्याही नोंदी आहेत. (२०२४ च्या मेअखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित यंत्राने तर ५६ अंश नोंदवून साऱ्या देशात खळबळ उडवली. हवामानखात्याने यंत्राचा संवेदक बिघडल्याचा खुलासा केला. पण तो येईपर्यंत त्या आकड्यावर पुष्कळ नागपूरकरांनी विनातक्रार विश्वास ठेवला असावा, असे वाटते.) यातून घर बांधणाऱ्याने घ्यायचा बोध सरळ आहे. ऐन उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेची भिंत जवळजवळ सुटते, पूर्व-पश्चिमेच्या भिंती अर्धा-अर्धा दिवस सोसतात, आणि छप्पर मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सर्व भार एकट्याने घेते. मैदानी, उष्ण मुलुखात घराची तटबंदी करायची तर आरंभ छपरापासून करावा लागतो.

चार-पाच इंच जाडीचा उघडा काँक्रीटचा स्लॅब मे महिन्याच्या दुपारी वरून ६० अंशांच्या आसपास तापतो, आणि ती उष्णता जाडीतून पार होऊन खालच्या खोलीत उतरायला तिला तीनेक तास पुरतात. म्हणून बाहेर ऊन कलू लागते त्याच वेळी घरात खरा उन्हाळा सुरू होतो आणि रात्रीच्या जेवणानंतरही तो हटत नाही. येथे एक शास्त्रीय बाब बहुधा नजरेआड होते. आपल्याला उकडते ते केवळ भोवतालच्या हवेमुळे नव्हे. शरीराच्या त्वचेचे उष्णतामान ३४-३५ अंश असते, आणि भोवतालचे पृष्ठभाग त्याहून थंड असतील तर शरीर आपली उष्णता प्रारणाने त्यांच्याकडे टाकून मोकळे होते; पण छताची खालची बाजूच जर ४० अंशांच्या वर गेली तर देवघेव उलटी होते, आणि मनुष्य पंख्याखाली बसूनही छताकडून भाजला जातो. कूलर हवा गार करतो. छताकडून येणारे प्रारण त्या गार हवेतून निर्वेध पार होते. वाळ्याच्या ताट्यांची आणि त्यांच्यापासून उत्क्रांत झालेल्या कूलरची कोरड्या उन्हातली करामत मला मान्य आहे, परंतु मृगापूर्वीच्या दमट वाऱ्यात तो निरुपयोगी होतो आणि ऐन टंचाईच्या दिवसांत पाणी मागतो. वातानुकूलन यंत्राला हा दोष नाही; मात्र त्याला दुसरा आहे. तापलेल्या स्लॅबखाली ते चालवणे म्हणजे छतातून सतत आत येणारी उष्णता विजेचे मोल देऊन सतत बाहेर उपसणे, आणि ती उपसलेली उष्णता जाते ती शेजाऱ्याच्या खिडकीसमोरच्या गल्लीत. ही वीज कोराडीच्या आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत दगडी कोळसा जाळून होते, म्हणजे एका घराच्या गारव्याचा धूरही पुन्हा त्याच मुलखात राहतो.

उष्णतारोधनाचे तत्त्व यापेक्षा फार जुने आणि फार स्वस्त आहे. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून भर उन्हात हातगाडीवरून नेणाऱ्याला ते अवगत होते: भुसा थंडी निर्माण करीत नाही, तो आपल्या कणांमध्ये हवेला अडकवून ठेवतो, आणि अडकलेली, स्तब्ध हवा उष्णतेला पुढे जाऊ देण्याच्या बाबतीत कमालीची कंजूष असते. रॉकवूल, थर्माकोल, पफ ही सर्व नवी द्रव्ये शेवटी हवा किंवा वायू कोंडण्याच्याच निरनिराळ्या युक्त्या आहेत. काँक्रीटच्या तुलनेत थर्माकोलची उष्णतावाहकता सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकी आहे. दोन इंच थर्माकोल जेवढा विरोध करतो तेवढा काँक्रीटकडून करवून घ्यायचा तर दोन मीटरांहून अधिक जाडीचा स्लॅब ओतावा लागेल.

आपल्या पूर्वजांजवळ थर्माकोल नव्हते. त्यांनी वजनाचा आश्रय घेतला. विदर्भातील कवेलूच्या घरांत कवेलू आणि माणूस यांच्यामध्ये माळा असे, आणि त्या माळ्यातली हवा कवेलूंचा ताप पुष्कळसा वरच्यावर अडवी. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवद होते: तुळया, त्यांवर किलचनांची दाटी, त्यावर पाला आणि त्यावर गावच्या पांढरीतली माती, फूटभर आणि कधी दीड फूट. अशा छताला दुपारची उष्णता खाली पोहोचवायला इतका वेळ लागतो की ती पोहोचण्यापूर्वी रात्र होते आणि तापलेली माती आकाशाकडे उलट निवू लागते. जाड दगडी भिंती, लहान झरोके आणि वर हे माळवद, अशा घरात भर वैशाखात दुपारची झोप लागत असे, याची साक्ष देणारी माणसे अद्याप हयात आहेत, आणि त्यांच्या स्मरणरंजनाला मी हसणार नाही.

परंतु या गारव्याची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एकदम वसूल झाली. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जाते, आणि पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी दरसाल नवी माती घातली गेली की ते वाढतच राहते. हे ओझे ज्या भिंतींवर तोलले होते त्या मातीत रचलेल्या गोट्या दगडांच्या. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतांशी झोपेत, स्वतःच्याच घराखाली. त्यानंतर त्या टापूतील लोकांनी दगडमातीच्या घराचे भय घेतले, ते सर्वस्वी न्याय्य होते. पुनर्वसनात काँक्रीटची घरे आली. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांनी पत्रे घातले. जीव वाचला आणि झोप गेली. पत्र्याच्या खोलीत तर उष्णतेला अडवणारे काहीच नसते: ऊन वर पडते आणि काही मिनिटांत खाली उतरते.

पारंपरिक वास्तुरचनेच्या पुनरुज्जीवनाची जी हाक अधूनमधून ऐकू येते, तिच्याविषयी मला याच ठिकाणी अडखळायला होते. मातीच्या घराचे गुणगान बहुधा ज्यांना त्यात राहावयाचे नसते ते करतात, आणि किल्लारीच्या माणसाला 'पुन्हा माळवद घाल' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. जुन्या घराकडून घ्यायचे ते त्याचे प्रयोजन. त्याचे वजन घेण्याची आता गरज उरलेली नाही. स्लॅबवर दोन इंच थर्माकोल घातले तर चौरस मीटरला वाढणारे त्याचे वजन असते एखादा किलो. त्याच्या रक्षणासाठी वर फरशी किंवा कोबा घातला तरी एकूण भार माळवदाच्या शतांश नसला तरी चतुर्थांशाच्या आतच राहतो. माती उष्णतेला उशीर करते आणि हा थर उष्णता मुळातच कमी करतो, हा दोहोंतला फरक खरा. म्हणूनच थर स्लॅबच्या वरच्या अंगास हवा, म्हणजे काँक्रीटचे वस्तुमान सावलीत राहून खोलीच्या बाजूने उपयोगी पडते. खालून छताला थर्माकोल चिकटवण्याची जी टूम दुकानांत आणि कचेऱ्यांत दिसते, तिच्यात स्लॅब तापत राहतो, आणि शिवाय उघडे थर्माकोल ठिणगीला निमंत्रण देते.

गवंड्याचा यावर ठरलेला आक्षेप आहे: पाणी मुरेल. आक्षेप खोटा नाही. नवतप्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पावसाळा लागणारा हा प्रदेश आहे, आणि ओला झालेला थर उष्णता अडवण्याचे काम जवळजवळ सोडून देतो. तेव्हा उतार, जलरोधन आणि थर यांचा क्रम जाणत्या माणसाने नीट लावला पाहिजे. पण आपल्या गच्च्यांवर पावसापासून रक्षणासाठी विटांच्या तुकड्यांचा जो कोबा घालतात, तो घालणारे हात हेच आहेत आणि जागाही हीच. त्याच खर्चात थोडी भर घातली तर ऊनही अडते. दुसरी अट राहणाऱ्याने पाळायची आहे. उष्णतारोधित घर दिवसा बंद ठेवून रात्री उघडावे लागते. ते रात्रीही बंद राहिले तर माणसांची, चुलीची, यंत्रांची उष्णता आत कोंडते. आजोबांच्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते. आता डासांसाठी आणि चोरांसाठी खिडक्या बंद होतात, म्हणून जाळी आणि गज हेसुद्धा या विषयाचाच भाग समजले पाहिजेत.

मग हे होत का नाही? माझ्या मते तांत्रिक अडचण दुय्यम आहे. मुख्य कारण असे की छत एक जण बांधतो आणि त्याखाली दुसरा भाजतो. बिल्डर सदनिका विकून मोकळा होतो, घरमालक भाडे घेऊन, आणि शेवटच्या मजल्यावरचा भाडेकरू विजेचे बिल भरत राहतो, ज्याला गच्चीवर विटेचा तुकडा ठेवण्याचाही हक्क नाही. रेरा आल्यापासून चटईक्षेत्र नेमके मोजून सांगावे लागते. शीतपेटीवर आणि पंख्यावर तारे छापलेले असतात. पण छतातून किती उष्णता येईल हे घर घेताना विचारणारा ग्राहक क्वचित, आणि सांगणारा विक्रेता त्याहून क्वचित. व्यापारी इमारतींत तर विपरीत आहे. पश्चिमेला सबंध काचेचा दर्शनी भाग उभारायचा, त्यातून ऊन आत घ्यायचे, मग आतून पडदे लावायचे, दिवे लावायचे आणि यंत्राने गारवा करायचा, ही रीत थंड देशांतील वास्तूंच्या छायाचित्रांवरून आलेली आहे. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींत फिरताना आणखी एक विसंगती डोळ्यांत भरते: शीतगृहाच्या भिंती चार-चार इंच जाडीच्या पफ पॅनेलच्या असतात, कारण फळे सडली तर तोटा कोणाचा हे ठरलेले आहे, ज्या मजुराने पेट्या आत रचल्या तो संध्याकाळी उघड्या टिनाखाली जातो, आणि त्याच्या न झालेल्या झोपेचा तोटा कोणाच्याही खातेवहीत चढत नाही.

कायद्यात तरतूद अगदीच नाही असे नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाच्या आधारे व्यापारी इमारतींसाठी २००७ साली संहिता आली, ती २०१७ साली सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी २०१८ ची इको निवास संहिता आहे, आणि तिने छताच्या उष्णतावहनाला १.२ वॅट ही मर्यादा चौरस मीटरला, दर अंशामागे, घालून दिली आहे. उघडा स्लॅब या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट भरतो. वर इंचभर थर्माकोल आले की तोच मर्यादेच्या आत येतो. अशा संहितांचे भवितव्य राज्याची अधिसूचना, स्थानिक उपविधी, आणि शेवटी पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करणारा अधिकारी यांच्यावर अवलंबून असते, आणि पार्किंगची जागा मोजणाऱ्या त्या अधिकाऱ्याला छताचा थर मोजण्याची सवय अजून लागायची आहे.

तोवर सरकारने आपल्या मालकीच्या छतांपासून आरंभ करावा. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याबाबत बांधणारा आणि भाजणारा यांचे हितसंबंध निदान कागदावर एकच आहेत. ज्या घरकुलासाठी सपाट प्रदेशात केंद्राची योजना १ लाख २० हजार रुपये देते, त्यात थराची अपेक्षा करणे निर्दयपणाचे होईल, त्यासाठी वेगळी तजवीज हवी. पण चुन्याचा जाड पांढरा हात कोणत्याही गच्चीला परवडतो, आणि ताजा चुना उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवतो. थराची सर त्याला नाही, आणि पावसाने तो धुऊन जात असल्याने दरसाल द्यावा लागतो. तो द्यायचा हंगाम होळीनंतरचा, म्हणजे मार्चचा. आणि उरलेले अनुदान संपवण्यासाठी सरकारी खाती ज्या महिन्यात कामे शोधत असतात, तोही मार्चच.